तीन वर्षांनी पुन्हा रस्त्यावर : मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉन, २०२३

मुंबई मॅरेथॉन १९ जानेवारी २०२० रोजी झाली आणि करोनामुळे त्यानंतरच्या शर्यतीसाठी धावपटूंना थेट १५ जानेवारी २०२३ पर्यंत थांबावे लागले. मधला काळ आमच्या डोंबिवलीच्या गटाने ‘व्हर्च्युअल’ शर्यतींवर काढला. पैसे भरायचे, सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायच्या, मोबाइलवरचा आकडा पाठवायचा आणि कुरिअरने पदक येण्याची वाट पाहायची. ती पदके माझ्या कपाटात अजून पाकिटातच आहेत. म्हणून या सुमारे एकवीस किलोमीटरांच्या अर्धमॅरेथॉनबद्दल लिहिताना माझ्यापुढे एकच प्रश्न आहे : आवारातल्या फेऱ्यांनी जे दिले नाही, असे या शर्यतीत नेमके काय मिळते?

मोजलेले अंतर मिळते, हे आधी सांगायला हवे. मोठ्या शर्यतींचा मार्ग मापांकित सायकलने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. टाळेबंदी उठल्यावर एका लहान शर्यतीत मी धावले होते. तिथे दहा किलोमीटर म्हणून आखलेला मार्ग सगळ्यांच्याच घड्याळांत सव्वानऊ किलोमीटरांच्या आसपास भरला, आणि शेवटच्या गटासाठी पाणीही उरले नव्हते. हौशी धावपटूची चुरस स्वतःच्याच मागच्या वेळेशी असते. अंतरच खोटे निघाले, तर चार महिन्यांच्या सरावाचा हिशेब लागणार कसा? मुंबईत बिबवरची (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावरची) वेळ नोंदवणारी चिप रस्त्यावरच्या मॅटवरून जाताना आवाज झाला, तेव्हा मला फार बरे वाटले.

अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरावरून अंधारातच सुटते. रेल्वेने त्या पहाटेसाठी खास लोकल सोडल्या होत्या आणि डब्यात जिकडे तिकडे बिब लावलेले लोक बसले होते. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जाता येत नाही, त्यामुळे अनेक जण केवळ त्या साडेपाच किलोमीटरांसाठी नाव नोंदवतात. तिथे प्रेक्षक नसतात. गार वारा, दोन्ही बाजूंना काळे पाणी आणि हजारो बुटांचा एकसारखा आवाज, एवढेच. तीन वर्षे मी बहुतेक वेळा माझ्याच पावलांचा आवाज ऐकला होता. या आवाजात आपला वेग आपोआप सुधारतो, हे मी विसरून गेले होते. पहिल्यांदा धावणाऱ्यांनी मात्र इथेच सांभाळावे. सपाट रस्ता आणि गारठा यांच्या भरात पाय सुटतात आणि त्याची किंमत पुढे पेडर रोडवर मोजावी लागते.

हाजीअलीजवळ सागरी किनारा मार्गाच्या कामाचे पत्रे लागलेले होते, त्यामुळे समुद्र फारसा दिसला नाही. तिथून पुढे पेडर रोडचा चढ लागतो. उंचीने तो फार नाही. पण जवळजवळ पंधरा किलोमीटर झाल्यावर येतो, म्हणून छातीवर येतो. या मार्गाचे खरे मोल मात्र याच चढावर आहे. इमारतींमधले रहिवासी सकाळपासून फुटपाथवर उभे असतात. कोणाच्या हातात चिक्की, कोणाकडे मिठाची पुडी, कोणाकडे बिस्किटे. सत्तरीच्या पुढच्या एक आजी स्टीलचे ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी होत्या, शिरा अगदी निगुतीने काढलेल्या, वर थोडे मीठ. मी ताटाकडे हात नेला, तर त्यांनी स्वतःच फोड उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, “घे गं बाळ, दम खा जरा.” आम्ही भाजीच्या पिशव्याही धुऊन घेत होतो, शेजाऱ्याने दिलेला डबा दारातच ठेवून घेत होतो, त्याला फार काळ लोटलेला नव्हता. अनोळखी माणसाच्या उघड्या हातातली ती फोड मी एका क्षणाचाही विचार न करता तोंडात टाकली, आणि पुढचे शंभर-दोनशे मीटर मला समोरचे नीट दिसत नव्हते. नोंदणीचे पैसे कशाचे, असे कोणी विचारले तर मी या चढाचे नाव सांगेन.

चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेट हा शेवटचा टप्पा पायांचा आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी मी पोहोचले, तेव्हा २०२० पेक्षा अकरा मिनिटे जास्त लागली होती. त्याच सकाळी इथिओपियाच्या हायले लेमी याने पूर्ण मॅरेथॉन २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत धावून या मार्गावरचा विक्रम मोडला.

करोना होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सराव वाढवावा. आमच्या गटातल्या दोघांनी त्या वर्षी त्याच कारणाने नाव दिले नाही, आणि ते योग्यच केले. मात्र ते दोघेही त्या सकाळी पेडर रोडवर उभे होते. ज्यांना धावायचे नाही, त्यांनीही सातच्या आत तिथे पोहोचावे आणि संत्री घरूनच सोलून न्यावीत.