लिडोकेन की बुपिव्हाकेन? नवजात मेंदूच्या पेशींसाठी

नवजात उंदराच्या मेंदूच्या कापांवर काम सुरू करणारी धाकटी मैत्रीण जागा बधिर करणाऱ्या या दोन औषधांत अडकली होती. दोन्ही औषधं सोडियम चॅनेलला, म्हणजे पेशीपटलातल्या ज्या नळीतून सोडियम आत येऊन विद्युत स्पंद उठतो तिला, आतल्या बाजूनेच धरतात. विद्युतभार नसलेला रेणू पेशीपटल ओलांडतो, आत भारित होतो आणि नळीत अडकतो. मग निवडायचं कसं?

खरा फरक सुटण्यात आहे. लिडोकेन झटपट बसतं, झटपट निघतं. बुपिव्हाकेनही चटकन बसतं, पण निघताना रेंगाळतं. पेशी सावकाश स्पंद सोडत असली तरी पुढच्या स्पंदापर्यंत काही चॅनेल बंदच राहतात, अडथळा साठत जातो. औषध धुऊन पेशी पूर्ववत झाली का, हे बघायचं असेल तर बुपिव्हाकेन वेळ खातं.

चॅनेलही वयानुसार बदलतात. अक्षतंतूच्या (पेशीचा स्पंद पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या) सुरुवातीला आधी सोडियम चॅनेलचा १.२ हा प्रकार जास्त असतो, पुढे १.६ त्याची जागा घेतो. म्हणून प्रौढ पेशीवरचे आकडे पिल्लांना जसेच्या तसे लावू नयेत. (ही चूक मीही केली आहे.)

जिवंत बाळाचा प्रश्न आला की पारडं लिडोकेनकडे आणखी झुकतं. बुपिव्हाकेन रक्तातल्या प्रथिनांना सुमारे ९५ टक्के चिकटतं, लिडोकेन ६५ टक्क्यांच्या आसपास. नवजात बाळात ही प्रथिनं कमी, म्हणून मोकळं औषध जास्त. शिवाय बुपिव्हाकेन हृदयाला जास्त घातक.

थोडक्यात, लवकर उठणारा, परतवता येणारा अडथळा हवा असेल तर लिडोकेन. तासन् तास टिकणारा परिणामच अभ्यासायचा असेल तर बुपिव्हाकेन, कमी मात्रेत.