पिवळे एलईडी फॉग लॅम्प : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी मोटारीच्या पुढच्या बंपरमध्ये पिवळ्या एलईडी फॉग लॅम्पची जोडी बसवून घेतली. वस्तू चांगली आहे; खोक्यावर छापलेले तिच्या चांगुलपणाचे कारण मात्र चुकीचे आहे.

3000 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळा प्रकाश ‘पाऊस भेदतो’, असा दावा केलेला आहे. वास्तविक पावसाचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून हजारपटीपेक्षाही मोठा असल्यामुळे तो पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. फरक पडतो तो दिव्याच्या जागेमुळे: दिवा खाली असतो, झोत रुंद आणि वरच्या कडेला सपाट कापलेला असतो, म्हणून डोळ्यांसमोरचे थेंब फारसे उजळत नाहीत आणि रस्त्याची कड व पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळा डोळ्यांना सुसह्य वाटतो, एवढे मान्य.

ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. त्यावर पडलेला प्रकाश आपल्याकडे कमी परततो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो. फिटिंग करणाऱ्याने झोत वर ठेवला होता, त्यामुळे पहिल्या आठवड्यात समोरचे चालक मला सारखे डिपर देत होते. गाडी भिंतीसमोर उभी करून झोत खाली घेतल्यावर ते थांबले.

माझी खरी तक्रार वायरिंगविषयी आहे. सोबतच्या आकृतीप्रमाणे जोडणी केली, तर फॉग लॅम्प स्वतंत्रपणे लागतात आणि मागचे दिवे बंदच राहतात. माझ्या गाडीतील स्वयंचलित हेडलाइट पाऊस नव्हे, उजेड मोजून लागतात, त्यामुळे दिवसाच्या मुसळधार पावसात समोर पिवळा उजेड पाहून चालक निर्धास्त होतो आणि मागून येणाऱ्याला मात्र गाडी दिसत नाही. मी रिलेची (दिव्यांचा वीजपुरवठा चालू-बंद करणाऱ्या स्विचची) जोडणी पार्किंग लाइटमार्फत करून घेतली, म्हणजे मागचे दिवे लागल्याशिवाय फॉग लॅम्प लागत नाहीत. (त्याऐवजी चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावणारे बहुतेक गाड्यांत वळण्याचा इशाराच गमावून बसतात.)

आयपी67 दर्जा, म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकण्याची क्षमता, असूनही डाव्या दिव्याच्या काचेत आतून वाफ धरली. एलईडीची काच हॅलोजनइतकी तापत नसल्यामुळे ती लवकर सुकत नाही. विक्रेत्याने मात्र तो दिवा विनातक्रार बदलून दिला. ज्यांच्या लो बीमचा (हेडलाइटच्या खाली रोखलेल्या नेहमीच्या प्रकाशाचा) झोत बिघडलेला किंवा हेडलाइटची काच पिवळी पडलेली आहे, त्यांनी आधी ती दुरुस्त करावी. हे दिवे लो बीमच्या जोडीला आहेत, त्याच्या जागी नाहीत.