टोइंगसाठी ट्यून केलेला ट्रक आणि कमी तापमान दाखवणारा गेज

जड ट्रेलर ओढण्यासाठी डिझेल ट्रकचे ट्यूनिंग करून घेणाऱ्याला बहुतेक वेळा एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा गेजही सोबतच विकला जातो, आणि तो डॅशबोर्डवर दिसू लागला की इंजिनाची काळजी मिटली असे गिऱ्हाईक धरून चालते. माझ्या बाबतीत नेमका हाच विश्वास वापरून घेतला गेला. गेज चालू होता, काटा हलत होता, अलार्मही जोडलेला होता; पण चढावर गेज दाखवत असलेला आकडा खऱ्या तापमानापेक्षा सुमारे दोनशे अंशांनी कमी होता, आणि तो कमीच राहील अशा पद्धतीने जोडणी केलेली होती.

डिझेल इंजिनात जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता, हा हिशेब सरळ आहे. ट्यूनिंगमध्ये इंधनाची मात्रा आणि टर्बोचा (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या यंत्राचा) दाब दोन्ही वाढवतात, पण इंधन हवेच्या पुढे गेले की काळा धूर निघतो आणि मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांतला वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या भागातील, वायूचे तापमान झपाट्याने चढते. रिकामा ट्रक ओव्हरटेक करताना काही सेकंद तापला तर फारसे बिघडत नाही. मात्र ट्रेलर जोडून लांब चढ चढताना तेच तापमान कित्येक मिनिटे टिकते, आणि धातूला मारतो तो हा टिकलेला ताप. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. खालून तेलाचे फवारे पिस्टन थंड ठेवतात म्हणून तो वायूइतका तापत नाही, एवढाच काय तो दिलासा. त्यामुळे टर्बोच्या आधी मोजलेले तापमान सलग भाराखाली सुमारे ७०० अंशांच्या वर राहू द्यायचे नाही, असा दंडक टोइंग करणारे बहुतेक जण पाळतात. ‘टर्बोच्या आधी’ हे दोन शब्द यात सर्वांत महत्त्वाचे आहेत.

ज्या गॅरेजने माझे काम घेतले त्यांनी ‘टोइंग सेफ’ या नावाची फाइल (इंजिनाच्या संगणकात भरायची बदललेली सेटिंग), ताकद निवडण्याचा तीन जागांचा स्विच, गेज आणि प्रोब (वायूत बसवायची तापमान मोजणारी सळई) असा संच दिला. बिलावर ‘मॅनिफोल्डमध्ये प्रोब बसवणे’ असे स्वच्छ लिहिलेले होते आणि त्याची मजुरी वेगळी लावली होती. ताबा देताना त्यांनी माझ्यासमोर न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून काटा हलवून दाखवला. भार नसलेले इंजिन फारसे इंधन घेत नाही, त्यामुळे अशा चाचणीतून काटा हलतो यापलीकडे काहीच कळत नाही. अलार्म ७०० अंशांवर लावलेला होता. पुढे मी धुराची तक्रार केली तेव्हा मालकाचे उत्तर ठरलेले होते, “साहेब, अलार्म एकदा तरी वाजला का? मग इंजिन मजेत आहे.”

खटकण्यासारखी पहिली गोष्ट आकडा नव्हती, काट्याची चाल होती. चढ संपल्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन तुटते आणि मॅनिफोल्डमधील प्रोबला काही सेकंदांतच थंड वायू लागतो, म्हणून काटा ठळकपणे खाली यायला हवा. माझा काटा रेंगाळत उतरायचा. टर्बोचे बीड तापून राहते आणि त्यातून जाणारा वायू काही काळ गरमच बाहेर पडतो. अशी सुस्त उतरण टर्बोच्या पलीकडे बसवलेल्या प्रोबची असते.

दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने उष्णतारोधक पट्टी सोडली तेव्हा प्रोब टर्बोनंतरच्या पाइपमध्ये सापडला. मॅनिफोल्डला भोक पाडण्याचा प्रयत्नसुद्धा झालेला नव्हता. ते काम किचकट असते हे खरे. बिडाचा कीस टर्बोत जाऊ नये म्हणून ड्रिल आणि टॅपला ग्रीस लावून, पुन्हा पुन्हा पुसत काम करावे लागते, किंवा मॅनिफोल्डच उतरवावे लागते. पाइपला भोक पाडणे त्या मानाने अगदी सोपे. टर्बो वायूतील ऊर्जा काढून घेतो, त्यामुळे भाराखाली त्याच्या अलीकडील आणि पलीकडील तापमानात साधारण १०० ते २०० अंशांचा फरक पडतो. तापकऱ्याला सदऱ्यावरून थर्मामीटर लावावा, तसला हा प्रकार. शिवाय हा फरक भाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे “गेजमध्ये तेवढे ॲडजस्ट केलेले आहे” असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

एवढ्यावर भागले नव्हते. हे प्रोब के प्रकारचे थर्मोकपल असतात. क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या जोडावर उष्णतेने अगदी क्षीण विद्युतदाब तयार होतो, ७०० अंशांना सुमारे २९ मिलिव्होल्ट, आणि गेज तोच वाचतो. म्हणून प्रोबपासून गेजपर्यंतची वायरही त्याच मिश्रधातूंची लागते. माझ्या ट्रकमध्ये बॉनेटखालीच जोड देऊन तिथून केबिनपर्यंत साधी तांब्याची वायर ओढलेली होती. अशा जोडणीत बॉनेटखालचा जोड आणि गेजचे टर्मिनल यांच्या तापमानातील फरक वाचनातून सरळ वजा होतो. जोड ९० अंशांवर आणि केबिन ३० अंशांवर असेल तर ६० अंश गायब. इंजिनाचा कप्पा जितका तापेल तितकी ही तूट वाढते, म्हणजे खऱ्या आकड्याची सर्वाधिक गरज चढावर असते आणि तिथेच गेज सर्वांत जास्त खोटे बोलतो.

मेकॅनिकने हे शोधले ते खिशातल्या लहानशा चुंबकाने. थंड असताना ॲल्युमेल चुंबकाला चिकटते, क्रोमेल चिकटत नाही. प्रोबच्या दोन तारांपैकी एक चटकन ओढली गेली. केबिनकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एकही हलली नाही. इन्सुलेशन कापल्यावर आत लालसर तांबे दिसले. बाहेरचा रंग मात्र पिवळा आणि लाल, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या के वायरचा हुबेहूब घेतलेला होता. हे गफलतीने होत नाही, असे माझे मत आहे.

गॅरेजवाल्यांनी आधी उकळत्या पाण्याची चाचणी पुढे केली. प्रोब काढून उकळत्या पाण्यात धरला आणि गेजने १०० च्या आसपास दाखवले. ती चाचणी थंड इंजिनावर होती. जोड आणि केबिन एकाच तापमानाला असताना तांब्याच्या वायरची तूट दिसतच नाही. मग त्यांनी सांगितले की प्रोब तुटला तर टर्बोच्या पात्यांत जाऊ नये म्हणून तो मुद्दाम मागे बसवला. हा युक्तिवाद निरर्थक नाही, काही जण याच कारणाने मागची जागा पसंत करतात. पण मग गिऱ्हाईकाला तसे सांगायचे असते, अलार्म बराच खाली आणायचा असतो आणि मॅनिफोल्डची मजुरी लावायची नसते.

हे सगळे कशासाठी, याचा उलगडा फाइल तपासल्यावर झाला. स्विचच्या तिन्ही जागांवर, त्याच आरपीएमला आणि तितक्याच ॲक्सिलरेटरवर, इंजिन घेत असलेली इंधनाची मात्रा स्कॅनरवर सारखीच दिसत होती. ‘टोइंग सेफ’ असे काही नव्हतेच. एकच जास्त ताकदीची फाइल तीन नावांनी विकलेली होती आणि गेज ती झाकण्याच्या कामाचा होता. प्रोब मॅनिफोल्डमध्ये आणि खरी के वायर केबिनपर्यंत गेल्यावर, त्याच चढावर त्याच ट्रेलरसह, पूर्वी ५३० च्या आसपास रेंगाळणारा काटा ७०० ओलांडून वर जाऊ लागला आणि मला ॲक्सिलरेटर सोडावा लागला.

असे काम करून घेताना भोक पाडल्यावर, पट्टी गुंडाळण्याआधी, प्रोबच्या जागेचा फोटो मागावा आणि त्यात मॅनिफोल्ड व टर्बो दोन्ही दिसतील असे पाहावे. वायरचे टोक सोलून चुंबक लावावा. पूर्ण मोबदला ट्रेलर जोडून चढावर चाचणी झाल्यावरच द्यावा, आणि त्या चाचणीत कमाल आकड्याइतकेच लक्ष पाय काढल्यावर काटा किती लवकर पडतो याकडे ठेवावे.

बिलातील ‘मॅनिफोल्ड’ हा शब्द आणि पाइपमधील प्रोबचा फोटो शेजारी ठेवल्यावर गॅरेजने बसवण्याची मजुरी परत केली. फाइलचे पैसे अजून दिलेले नाहीत. ट्रक ओढतो आहे ना, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. ती फाइल मी काढून टाकली असून सध्या ट्रक कंपनीच्या मूळ सेटिंगवर, एक गिअर खाली ठेवून चढ चढतो.