टॉवेल कारखान्यात आरएस-४८५चा फायबर हब : आठ महिन्यांनंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. लूम शेड, डाय हाऊस, बॉयलर, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), सगळीकडचे मीटर, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) आणि टेंपरेचर कंट्रोलर एका कॉम्प्युटरवर दिसतात. एकूण ४१ नग, बोलायची भाषा मॉडबस, स्पीड सेकंदाला ९६०० बिट. दिसतात म्हणजे दिसायला पाहिजेत. गेल्या वर्षीपर्यंत सगळे आरएस-४८५च्या एकाच लाइनवर, म्हणजे पीळ घातलेल्या दोन तांब्याच्या वायरींवर (ट्विस्टेड पेअर), टांगलेले होते आणि आठवड्यातून एकदा तरी स्क्रीनभर प्रश्नचिन्हं यायची. मग डाय हाऊसच्या अण्णांचा फोन ठरलेला : "काय ओ, तुमचा टीव्ही बंद पडला की!"

दोष लाइनचा नव्हता, आमचाच होता. सगळी पॉवर बंद करून लाइनच्या ए आणि बी या दोन वायरींमध्ये मीटर लावला. दोन टोकांना १२० ओहमची एक-एक टर्मिनेशन (टोकाला लावायचा रेझिस्टर) असेल तर साठच्या थोडं वर दिसायला हवं. दिसले पस्तीस. शोधत गेलो तर चार सापडल्या. दर वेळी नवीन पॅनेल बसवणाऱ्यानं आपापल्या परीनं पुण्य करून ठेवलं होतं. शिवाय बॉयलरकडं जाणारी फांदी मधूनच टी मारून काढलेली. आरएस-४८५ची लाइन सरळ एका रांगेत हवी, फांद्या तिला चालत नाहीत. पण शेड वाढत जातात तशा फांद्या फुटतातच.

एवढं सगळं नीट केलं आणि जूनमध्ये वीज कडाडली. पडली कुठं देव जाणे, आमच्यावर नक्कीच नाही. तरी ईटीपीतले दोन मीटर आणि कॉम्प्युटरजवळचा कन्व्हर्टर यांचे कम्युनिकेशन पोर्ट गेले. ईटीपीचा सप्लाय वेगळा, अर्थिंग वेगळी. या लाइनला दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये सात व्होल्टच्या आसपासचा फरक सोसतो, विजेच्या वेळी तो कुठल्या कुठं जातो. मालक म्हणाले, दर पावसाळ्यात मीटर घेत बसायचे का? म्हणून हब : लाइनचे वेगवेगळे भाग पाडणारा आणि मधल्या अंतरात तांब्याऐवजी काचेच्या फायबरमधून उजेडानं बोलणारा डबा. फायबरमधून वीज जात नाही.

घेतलेले दोन. एका बाजूला मास्टरचा, म्हणजे कॉम्प्युटरकडचा पोर्ट, खाली ट्विस्टेड पेअरचे चार पोर्ट, शेजारी फायबरचे दोन. डीन रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) बसतो, २४ व्होल्ट डीसीवर चालतो. एक नग साडेअकरा हजाराला पडला, जीएसटी वेगळा. ब्रँड लिहीत नाही, कारण हाच डबा तीन वेगवेगळी स्टिकरं लावून विकायला आहे, आतला बोर्ड तोच.

पहिला घोळ फायबरचा. अंतर जेमतेम ३४० मीटर. आरएस-४८५ कमी स्पीडला १,२०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे अंतरासाठी फायबरची गरजच नव्हती. मधून तांबं काढून टाकायचं होतं एवढंच. केबल जोडायला इंटरनेटवाला पोरगा आणला. मशीन झकास, हात त्याहून झकास. पण त्याच्या पेटीत सगळं सिंगल मोड, पिवळी वायर, चौकोनी कनेक्टर. हबला लागतं मल्टिमोड, ६२.५ मायक्रॉनची कोर (उजेड जातो तो आतला गाभा) आणि पिळून अडकवायचा गोल एसटी कनेक्टर. सिंगल मोडची कोर नऊ मायक्रॉनच्या आसपास. मोठ्या तोंडातून छोट्या तोंडात उजेड ओतला तर बराचसा बाहेरच सांडतो. केशरी पिगटेल (कनेक्टर लावलेले मल्टिमोडचे तुकडे) पुण्याहून यायला पाच दिवस गेले. विकणाऱ्यानं ऑर्डर घेताना एका शब्दानं विचारायला हवं होतं. उंदरांमुळं आर्मर्ड केबल घेतली आहे. तिची स्टीलची पट्टी दोन्ही टोकांना पॅनेलच्या अर्थला जोडली की जी वाट बंद करायला फायबर टाकलं तीच परत उघडते. आम्ही एकाच टोकाला जोडली, दुसरं टोक कापून टेप मारली.

दुसरा घोळ कंपनीचा, आणि त्याचा राग मला अजून आहे. हब चालू केला तर विचित्र प्रकार : जुने, मंद मीटर व्यवस्थित बोलतात आणि नवे कोरे मीटर गप्प! दीड दिवस मी नव्या मीटरांना शिव्या देत होतो. झालं होतं असं. या लाइनवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, त्यामुळं कोण बोलतंय ते बघून हब आपली दिशा फिरवतो, आणि शेवटच्या अक्षरानंतर एका अक्षराइतका वेळ थांबून दिशा सोडतो. ९६०० ला हा वेळ सव्वा मिलिसेकंदाच्या आत. १२०० ला नऊच्या वर. माहितीपत्रकातला डिप स्विचचा (स्पीड ठरवणाऱ्या छोट्या खटक्यांचा) तक्ता उलटा छापलेला, त्यामुळं मी ९६०० समजून १२०० लावलं होतं. नवा मीटर पाच मिलिसेकंदात उत्तर द्यायला लागतो, तेव्हा हबचं तोंड अजून त्याच्याकडंच. उत्तराची सुरुवात कापली जायची. जुना मीटर तीस मिलिसेकंद विचार करतो, म्हणून तो वाचला. स्विच उलटे केले, ४१ च्या ४१ आले.

आता ज्यासाठी पैसे मोजले ते. चहाच्या सुट्टीत लूम शेडच्या फांदीवर ए आणि बी या दोन वायरी एका तुकड्यानं मुद्दाम शॉर्ट केल्या. पूर्वी एवढ्यात सगळा कारखाना आंधळा झाला असता. आता लूम शेडची नऊ यंत्रं गेली, बाकी बत्तीस जागच्या जागी. त्या पोर्टचा दिवा लाल झाला, म्हणजे शोधायला कुठल्या शेडकडं जायचं तेही कळलं. फांद्यांचा प्रश्नही मिटला, कारण प्रत्येक पोर्ट ही स्वतंत्र लाइन, तिची टर्मिनेशन तिची.

पण स्क्रीन फार सुस्तावली. कॉम्प्युटर त्या नऊ मेलेल्या यंत्रांना एकेक सेकंद, तीन-तीनदा हाका मारत बसला, म्हणजे २७ सेकंद वाया. हाका एकवर आणल्या, वेळ ३०० मिलिसेकंद केला, तेव्हा कुठं जीव आला. हबनं लाइन विभागते, वेग वाढत नाही; बोलायचं अजून एकामागून एकच. आणि एखादा ड्राइव्ह बिघडून सतत बडबडायला लागला तर हा हब त्याची बडबड इमानदारीनं सगळ्यांना पोचवतो. मार्चमध्ये एकदा झालं. तोंड दाबायची सोय असलेले हब मिळतात, महाग आहेत. हा त्यातला नाही. पत्रकात तसं कुठं म्हटलेलंही नाही, म्हणून फसवलं असं म्हणणार नाही.

उन्हाचं सांगतो. डब्यावर ६० अंश लिहिलंय. मे महिन्यात डाय हाऊसच्या पॅनेलमध्ये वरच्या रेलवर मी ५७ मोजले. ड्राइव्हच्या डोक्यावरून काढून खालच्या रेलवर आणला, तिथं ४९. चाललाय. पॉवरचे टर्मिनल मात्र भिकार, स्क्रू दोनदा आवळला की आटा जातो. फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) लावूनच वायर घाला.

वळवाचे दोन पाऊस झाले आहेत, दुसऱ्यात ईटीपीचा एमसीबी पडला, पोर्ट एकही गेला नाही. पावसाळा अजून लागायचाय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या तक्त्यासाठी कापला, एक बडबडीसाठी. बॉयलरसाठी तिसरा मागवलाय. स्विचचा खरा तक्ता पॅनेलच्या दाराच्या आतून मार्करनं लिहून ठेवलाय, खाली अण्णांनी "टीव्हीची चावी" असं लिहिलंय.