दा विंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर, दहा महिने वापरून: घुमटाचा आवाज परत आणताना

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मी आमच्या घरच्या माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवतात ती चौकट) रील केली होती. तीस सेकंद, अठरा कट आणि वर त्या आठवड्यात सगळीकडे वाजणारं गाणं. फोनवरच्या एका ॲपमधलं तयार टेम्प्लेट घेतलं होतं. क्लिप टाकल्या की ठेक्यावर आपोआप कट बसतात. दोन तासांत ती माझ्या आधीच्या सगळ्या रील्सपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. मी खूश होते. आजीला दाखवली. तिनं शेवटपर्यंत पाहिली, फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "गो बाय, आवाज खंय गेलो?"

ती घुमटाबद्दल विचारत होती, मडक्याच्या तोंडाला चामडं ताणून केलेल्या आमच्या तालवाद्याबद्दल. आमच्याकडे आरतीला वाड्यावरचे पाच-सहा जण घुमट, शामेळ, कांसाळें अशी वाद्यं घेऊन येतात. घरातलं बोलणं कोकणी, आरत्या मराठी, आणि घुमट सुरू झालं की ओसरीवर उभं राहिलं तरी छातीत ठोका जाणवतो. माझ्या मूळ क्लिपमध्ये ते सगळं होतं. टेम्प्लेटमध्ये मूळ आवाज बंद होता आणि तो चालू करावा असं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

त्याच आठवड्यात ठरवलं की याच फुटेजची नीट, दहा-बारा मिनिटांची फिल्म करायची. मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. एडिटिंगसाठी पैसे खर्च करणं शक्य नव्हतं, म्हणून दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घेतली. तेव्हापासून दहा महिने रोज नाही, पण आठवड्यातले तीन-चार दिवस तरी त्यावर बसते आहे. हा सगळा अनुभव विंडोजवरचा आणि विसाव्या आवृत्तीचा आहे.

आधी मोफत म्हणजे किती मोफत ते सांगते, कारण वर्गातले सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. व्हिडिओवर कंपनीचा शिक्का उमटत नाही (पैसे भरायच्या आवृत्तीतला एखादा इफेक्ट लावलात तरच उमटतो). मुदत संपत नाही. 3840 × 2160 पर्यंत, सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं. आमच्यासारख्या फोनवर शूट करणाऱ्यांना याहून जास्त लागतच नाही. विकतची आवृत्ती, स्टुडिओ, 295 डॉलरना आहे, पण ते एकदाच भरायचे, दर महिन्याला नाही. हे बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन ही ऑस्ट्रेलियन कंपनी मुख्यतः कॅमेरे आणि स्टुडिओची यंत्रं विकते. मुळात रंगकामासाठी असलेली ही यंत्रणा त्यांनी 2009 मध्ये विकत घेतली आणि एडिटिंग, आवाज, ग्राफिक्स हे सगळं नंतर त्यात आणलं. म्हणूनच खाली वेगवेगळी पानं दिसतात: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. पहिल्या दिवशी हे सगळं पाहून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. खरं तर पहिले तीन महिने एडिट, फेअरलाइट (आवाजाचं पान) आणि डिलिव्हर (एक्सपोर्टचं पान) एवढीच पानं लागतात.

मशीनचं मात्र आधी बघा. माझा लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर टाइमलाइनवर (क्लिप ओळीनं लावायची पट्टी) दुसरी क्लिप ठेवली की सगळं गोठायचं. दोष लॅपटॉपचाही नव्हता, त्याच्याकडून अपेक्षाच जास्त होती. शेवटी म्हापशाच्या मावसभावाचा गेमिंगचा लॅपटॉप शनिवार-रविवार मागून घेतला, 16 जीबी रॅम आणि वेगळं कार्ड असलेला. त्यावरही फोनच्या एच.265 (व्हिडिओ जास्त दाबून कमी जागेत साठवायची पद्धत) क्लिप जड जायच्या. प्रॉक्सी करायला शिकले तेव्हा सुटका झाली. मूळ क्लिपची हलकी प्रत तयार होते, काम तिच्यावर होतं आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ क्लिपवरून. ज्यांचा लॅपटॉप साधा आहे त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.264 ही जुनी, हलकी पद्धत निवडावी, निम्मा त्रास तिथंच संपतो.

आता ज्यात माझे जवळजवळ तीन आठवडे गेले ती गोष्ट. आरतीची अकरा मिनिटांची सलग क्लिप टाइमलाइनवर टाकली. सुरुवातीला सगळं बरोबर. सातव्या मिनिटाला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. वाजवणाऱ्या काकांच्या हातावर झूम केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. पंजा चामड्यावर पडतो, बोटं उचलली जातात, आणि मग 'धुम्' ऐकू येतं. दहाव्या मिनिटाला तर हात पार वर गेलेला आणि आवाज आता येतोय. बोलणाऱ्या माणसाच्या ओठांचा असा फरक कदाचित मी चालवून घेतला असता. घुमटात तो चालत नाही, कारण तिथं हात आणि आवाज एकच आहेत.

कारण कळायला वेळ लागला. फोन बहुतेक वेळा ठरलेल्या गतीनं शूट करत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की सेकंदाला 30 फ्रेमऐवजी 27, 28, पुन्हा 30 असं चालतं. आवाज मात्र एकाच गतीनं नोंदला जातो. व्यावसायिक एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला सहसा ठरलेली गती लागते, म्हणून लांब क्लिपमध्ये दोन्ही एकमेकांपासून सुटत जातात. उपाय सोपा आणि फुकट आहे: हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून क्लिप एकदा काढायची आणि तिथं 'कॉन्स्टंट फ्रेम रेट', म्हणजे सेकंदाला ठरलेल्या फ्रेम, निवडायचं. मी सगळ्या 64 क्लिप रात्रभर लावून ठेवल्या. सकाळी तीच आरती पुन्हा टाकली, दहाव्या मिनिटाला गेले. पंजा आणि 'धुम्' एकाच फ्रेमवर. मी आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणून ती एक सेकंदाची क्लिप चार वेळा दाखवली.

याच्याच जोडीची आणखी एक चूक, जी नवीन माणूस हमखास करतो. प्रोजेक्ट उघडल्यावर फ्रेम रेट आधीच 24 ठरलेला असतो आणि एकदा क्लिप आत आल्या की प्रोजेक्टचा तो आकडा बदलता येत नाही. माझं फुटेज 30 चं. कॅमेरा माटोळीवरून फिरवलेले सगळे शॉट अडखळत होते आणि मी दोष माझ्या हाताला देत होते. नवा प्रोजेक्ट, पहिलं काम फ्रेम रेट, मगच क्लिप.

आणि पेनड्राइव्हचा प्रकार. सगळं फुटेज पेनड्राइव्हवर घालून कॉलेजला गेले, सरांना कच्चं एडिट दाखवायचं होतं. प्रोजेक्टच नाही! रिझॉल्व्ह प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही, स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. दुसरीकडे न्यायचं असेल तर प्रोजेक्ट आर्काइव्ह करून न्यावं लागतं, त्यात फुटेजसकट सगळं येतं. उलट, पावसात वीज गेली आणि जुनी बॅटरी क्षणात बसली, असं माझं निदान पाच वेळा झालं आणि एकदाही काम गेलं नाही. लाइव्ह सेव्ह चालू असतं, प्रत्येक बदल लगेच जपला जातो. प्रोजेक्ट बॅकअपसुद्धा चालू आहे का ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकदा पाहून घ्या.

फेअरलाइट या पानासाठी मी हे सॉफ्टवेअर कधीच सोडणार नाही. एवढी वर्षं मी व्हिडिओ पाहत होते, ऐकत नव्हते. इथं आवाजाची लाट मोठी करून समोर ठेवली की काय चुकलंय ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या दिवशीची आरती मी फोन घुमटापासून दोन हातांवर धरून घेतली होती. प्रत्येक ठोक्याची लाट वरून कोयत्यानं छाटल्यासारखी सपाट. आवाज इतका मोठा की माइकला तो मावलाच नाही, आणि जे नोंदलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. दुसऱ्या दिवशीची आरती मात्र धाकट्या भावानं दाराशी उभं राहून घेतली होती. चित्र हललेलं, पण आवाज संपूर्ण, गोल, भिंतीवरून परत येणाऱ्या घुमण्यासकट. शेवटी फिल्ममध्ये चित्र पहिल्या दिवसाचं फार थोडं वापरलं आणि आवाज सगळा दुसऱ्या दिवसाचा.

आजीच्या मुलाखतीमागे फ्रिजची गुणगुण होती. डी-हमर हा इफेक्ट मोफत आवृत्तीत आहे, त्यात 50 हर्ट्झ निवडलं (आपली वीज 50 ची) आणि ती बरीच खाली गेली. पावसाच्या सरसरीसाठी नॉइज रिडक्शन आहे. बोलणं नसलेला एक तुकडा त्याला 'शिकवायचा' आणि मग हळूहळू वाढवायचं. जास्त केलं की माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा वाटतो. मी पाऊस थोडा ठेवला, चवथीला पाऊस असतोच. एका घासात माणसाचा आवाज वेगळा काढणारं व्हॉइस आयसोलेशन मात्र स्टुडिओ आवृत्तीतच आहे.

मग नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला. 2004 पासून तो गोव्यात भरतो, तरी आमच्या गावातून पणजीला खास सिनेमा पाहायला जाणारे मी आणि माझी एक मैत्रीण, दोघीच. विद्यार्थी म्हणून नोंदणी केली आणि कदंबाची सकाळची बस पकडून जायचं, संध्याकाळच्या शोनंतर धावत स्टँड गाठायचा. एका सिनेमात पार्श्वसंगीतच नव्हतं. एक बाई भाजी चिरत होती, बाहेर कुणीतरी फाटक उघडलं, त्याचा आवाज आला आणि ती थांबली. फाटक आम्हाला दाखवलंच नाही. कोण आलंय ते तिच्या पाठीवरून कळलं.

परतीच्या बसमध्ये आमचं भांडण झालं. मैत्रीण म्हणाली, "अगं, रीलमध्ये हे टाकलं असतं तर तिसऱ्या सेकंदाला लोक पुढे गेले असते." तिचं चुकीचं नव्हतं. पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरून ठेवायचा, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आम्ही त्यातच वाढलोय. 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं आणि रील्स आल्या तेव्हा मी नववीत होते, घरी बसून पहिला व्हिडिओ केला तो त्याच वर्षी. वर्गात बहुतेकांचं मत तिच्यासारखंच आहे: लांब शॉट म्हणजे एडिटरचा आळस. माझं मत त्या दिवसापासून बदललं. कट कुठे करायचा हे टेम्प्लेट ठरवतं तेव्हा तुमच्या हातात निर्णय उरतच नाही, उरतं फक्त क्लिप भरणं. दोनशे रील्स करूनही मला कट का करतात हे माहीत नव्हतं, ते त्या फाटकाच्या आवाजानं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी टाइमलाइन उघडली. माझ्या फिल्ममध्ये काका केवणी या रानझाडाच्या सालीच्या दोरानं सुपारीचा घोस माटोळीला बांधत होते, शॉट संपला की कट, मग आरती. मी चित्र आणि आवाज एकमेकांपासून सोडवले आणि आरतीचा आवाज मागे ओढला. आता दोराची गाठ अजून पुरी बसलेली नाही, काकांची बोटं दिसतायत, आणि पहिला ठोका ऐकू येतो. मग दुसरा. तिसऱ्यावर गाठ आवळली जाते आणि घुमट दिसतं. हे करायला माउसची एक ओढ लागते. सुचायला मला तीन महिने लागले.

कलर पानाबद्दल लिहिण्याइतकी मी तयार नाही. समईचा पिवळा आणि ट्यूबलाइटचा हिरवट रंग एकत्र आले होते ते बऱ्यापैकी सावरता आले, एवढंच. तोरणांच्या एलईडी माळांची फडफड काढणारा डीफ्लिकर विकतच्या आवृत्तीत आहे, त्यापेक्षा शूट करतानाच शटर 1/50 सेकंदावर ठेवलं तर बहुतेक वेळा फडफड येतच नाही. फ्यूजन पान अजून उघडून बंद करते. सबटायटल्स हातानं टाइप केली: बोलणं कोकणी, पट्टी मराठीत. आवाजावरून आपोआप सबटायटल्स करायची सोय स्टुडिओतच आहे. पण आजीचं वाक्य मराठीत बसवताना ते मी दहादा ऐकलं, आणि दोन ठिकाणी तिचा अर्थ मला आधी कळलाच नव्हता असं लक्षात आलं. हाताचं काम तिथं सार्थकी लागलं.

रील्स मी सोडलेल्या नाहीत. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा 15 ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांची झाली आहे, त्यात एक अख्खी आरती मावते. फिल्ममधला तो तुकडा उभ्या 1080 × 1920 च्या टाइमलाइनवर घेतला. चौकट आपोआप माणसामागे सरकवणारं स्मार्ट रीफ्रेम मोफत आवृत्तीत नाही, कीफ्रेम टाकून, म्हणजे कुठल्या क्षणी चौकट कुठे हवी ते ठरवत, मीच सरकवली, अडीच मिनिटांना एक संध्याकाळ गेली. मूळ आवाज, वर गाणं नाही. आधीच्या रीलच्या मानानं फार कमी लोकांनी पाहिली. पण खाली सावंतवाडीच्या, पेडण्याच्या लोकांनी आपापल्या वाड्यावरच्या घुमटवाल्यांची नावं लिहिली, एकानं त्याच्या वडिलांचा जुना व्हिडिओ पाठवला. पहिल्या रीलखाली नुसत्या इमोजी होत्या.

कुणी घ्यावं? रोज एक रील टाकायची असेल तर फोनवरचं ॲपच बरं, यात वेळ फुकट जाईल. लॅपटॉप 16 जीबीचा नसेल तर आधी मागून-उसना घेऊन बघा, लगेच विकत घ्यायला धावू नका. पण एखादी गोष्ट मनापासून सांगायची असेल, घरातली, गावातली, तर दोन-तीन महिने चिकाटीनं द्या. स्टुडिओ आवृत्ती मी सध्या घेत नाही, ते पैसे चांगल्या माइकसाठी साठवतेय.

यंदाच्या चवथीची तयारी आत्तापासून सुरू आहे. फोन एच.264 वर, शटर 1/50, भाऊ दाराशी फक्त आवाजासाठी. केवणीची साल सोलतानाचा आवाज गेल्या वर्षी घ्यायचा राहिला होता, तो सगळ्यात आधी.