वारलीचं पुस्तक घ्यावं की चित्रकथीचं?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून लेकीसाठी दोन्ही आणली, ती सहा वर्षांची आहे. वारलीवालं पहिल्याच दिवशी हिट, कारण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार, वर गोल डोकं, हातपाय म्हणजे काड्या, झालं! मग आम्ही तांदळाचं पीठ कालवलं, गेरू फासलेल्या पुठ्ठ्यावर काडीने तारपा नाच (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, त्याभोवतीचा नाच) काढला, फरशीवर जे सांडलं ते आई अजून ऐकवतीये. पण गोष्ट म्हणाल तर त्यात फारशी नाहीये, दोन पानांत संपते.

चित्रकथीचं बरोबर उलटं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर लोक एकेक चित्र समोर धरून गाऊन रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात, हे पुस्तकही तसंच मोठ्याने वाचायला लागतं, नुसतं हातात दिलं तर पोरगी पानं उलटून मोकळी. त्या चित्रांतले मोठ्ठे डोळे काढायला तिला अजून जमत नाही, चिडते. पण केळकर म्युझियममध्ये खरी चित्रकथी पाहिल्यावर रोज रात्री तेच मागतीये, माझा घसा बसलाय.

एकच घ्यायचं असेल तर मी चित्रकथीच घेईन, वारली काय, पुस्तकाशिवायही काढता येते.