सोसायटीच्या बागेसाठी डिझायनर नेमली: साडेचार तारे

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या मागची ४० बाय २५ फुटांची जागा कित्येक वर्षं नुसती पडून होती. यंदा बाग करायची म्हणून एक डिझायनर नेमल्या. नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

पहिल्या मीटिंगला आम्ही धरून चाललो होतो की बाई तीन ड्रॉइंगं आणणार, आपण हात वर करून एक निवडायचं. त्या आल्या रिकाम्या हातांनी आणि मागितल्या जुन्या साड्या! म्हणाल्या, ऐंशीच्या दशकात भायखळ्याला फुटपाथवर राहणाऱ्या, 'महिला मिलन' या संघटनेच्या बायकांनी साडीच्या लांबीनं घर मोजलं, खऱ्या मापाचं घर उभं करून पाहिलं आणि पोटमाळा बसेल अशी १४ फूट उंची मागितली. झालं, माझी नारायणपेठ मातीत पसरली. साडीची बाकं, दोरीची पायवाट. दुसऱ्या मजल्यावरचे काका खुर्ची टाकून त्या 'बाका'वर बसले, तेव्हा कळलं की चार वाजता ऊन थेट डोळ्यांवर येतं. बाक तिथल्या तिथे हललं. ड्रॉइंगमधून आम्हाला ऊन दिसलं असतं होय?

मला सगळ्यात आवडलं ते फळ्यावरचं. बाकं, झाडं, बागेच्या वेळा तुम्ही ठरवा. पैसे कमिटी ठरवेल. पाण्याचा उतार आणि वायरिंग मी ठरवणार, असं त्यांनी आधीच लिहून टाकलं. कारंजं हवं म्हणणाऱ्यांना सरळ 'नाही' म्हणाल्या आणि बादलीभर पाणी ओतून ते कुठे तुंबतं ते दाखवलं. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसतं मत विचारणं चौथ्या पायरीवर येतं. आमच्या कमिटीची सूचनापेटी तिथवरही पोचत नाही, तिची किल्लीच हरवली आहे.

आता तक्रार. सगळ्या मीटिंगा रविवारी दहाला. घरकामाला येणाऱ्या बायका त्या वेळी नेमक्या कुणाच्या तरी भांड्यांत. दुपारी त्या जिन्यात डबा खातात, म्हणजे सावली खरी त्यांना हवी. मी बोलल्यावर बाई एक दिवस जिन्यात त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, पण तोवर नकाशा पक्का झाला होता. त्यांना पिण्याच्या पाण्याचा नळ मिळाला, झाडाखालचा कट्टा राहून गेला. अर्धा तारा तिथे कापला.

मीटिंगचं टिपण उशिरा येतं, मागून घ्या. आणि साडी खरंच जुनी द्या. माझ्या नारायणपेठीचा काठ गेला.